मॉस्को पाहून आलेला माणूस : साक्ष कुणाची मानायची?



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापर्यंत आलो होतो. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला नैयायिक शब्द हेही ज्ञानाचं साधन मानतात. म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावरूनही आपल्याला खरं ज्ञान होतं. त्यानंतर सोलापूरच्या एका गृहस्थांनी आम्हाला निरोप पाठवला. त्यांची मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जायचं म्हणते आहे. घरी रोज रात्री व्हिडिओ बघणं चालतं. एका व्हिडिओत मॉस्कोची मेट्रो झगमगते आहे, दुकानं भरलेली आहेत, लोक हसताहेत. दुसऱ्यात तिथे काहीच खरं नाही, सगळा देखावा आहे, असं सांगतात. शेवटी ते विचारतात, "सर, दोघंही तिथे जाऊन आलेत. मग कुणाचं खरं मानायचं?"

प्रश्न फार जुना आहे आणि गंमत म्हणजे तो मॉस्कोच्याच बाबतीत शंभर वर्षं विचारला जातो आहे. एका शहरावर परदेशी माणसांनी इतकं लिहिलं, इतकं परस्परविरोधी लिहिलं, आणि त्यावर जगभरच्या माणसांनी आपली राजकीय निष्ठा ठरवली, असं दुसरं उदाहरण चटकन सापडायचं नाही. म्हणून आज आपण ही साक्षच तपासायला घेऊ. मॉस्को कसं आहे, हा आजचा विषय नाही. मॉस्को पाहून आलेल्या माणसाचं ऐकायचं कसं, हा विषय आहे.

आधी कसोटी ठरवून घेऊ. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनांनी 'आप्त' कोण ते सांगितलं आहे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे त्यांनी एक विलक्षण गोष्ट म्हटली आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. म्हणजे परका आहे म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही, आणि आपला आहे म्हणून ग्राह्य धरली जात नाही. परदेशी प्रवाशाला तपासायला यापेक्षा न्याय्य कसोटी आम्हाला तरी माहीत नाही. यात दोन अटी आहेत. जाणलं का? आणि जाणलं तसं सांगायचं होतं का? या दोन अटी हातात धरून चार-सहा पाहुण्यांना भेटू.

पहिले जॉर्ज बर्नार्ड शॉ. 1931च्या जुलैमध्ये ते मॉस्कोला गेले. पंचाहत्तरावा वाढदिवस तिथेच, थाटात साजरा झाला. रशियात अन्नटंचाई आहे असं सांगून मित्रांनी बरोबर डबे दिले होते, ते आपण सरहद्दीजवळ गाडीच्या खिडकीतून फेकून दिले, असं शॉनीच सांगितलं. मेजवान्या झडलेल्या पाहुण्याला टंचाई दिसायची कशी? पुढे 1932-33 साली युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत दुष्काळाने लाखो माणसं मेली. त्याच सुमारास, मार्च 1933मध्ये, मँचेस्टर गार्डियनमध्ये पत्र लिहून उपासमारीच्या बातम्या खोट्या ठरवणाऱ्यांत शॉ होते. त्यांची भेट होती थोड्या दिवसांची. आपण चटकन म्हणतो, "अहो, आठवड्याभरात काय कळणार!"

थांबा. इतक्या घाईने निकाल देऊ नका. वॉल्टर ड्युरँटी हा न्यूयॉर्क टाइम्सचा वार्ताहर. 1922पासून बारा-चौदा वर्षं तो मॉस्कोत राहिला. शहराची गल्लीन् गल्ली त्याला ठाऊक. रशियाविषयीच्या वार्तांकनासाठी 1932 साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. आणि मार्च 1933मध्ये गॅरेथ जोन्स या तरुण वेल्श पत्रकाराने युक्रेनमधली उपासमार जगाला सांगितली, तेव्हा ती खोडून काढायला हाच ड्युरँटी पुढे आला. जोन्सकडे वर्षं नव्हती. त्याने काय केलं? मॉस्कोहून गाडीत बसला, मुक्कामाच्या आधीच उतरला आणि रुळांच्या कडेने गावागावांतून चालत गेला. त्याला रशियन येत होतं. त्यामुळे त्याला दुभाष्या लागला नाही आणि लोकही थेट त्याच्याशी बोलले.

म्हणजे बघा, थोडे दिवस राहिलेला शॉ चुकतो, चौदा वर्षं राहिलेला ड्युरँटीही खोटं सांगतो, आणि थोडेच दिवस फिरलेला जोन्स खरं सांगतो. तेव्हा 'किती दिवस राहिलास' हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका कामाचा नाही. ड्युरँटीला कळलं नव्हतं असं म्हणणं कठीण आहे. पहिली अट त्याने पुरी केली, दुसरीवर तो पडला. मॉस्कोतलं वास्तव्य, व्हिसा, बड्या मंडळींकडे प्रवेश हे सगळं यजमानाच्या मर्जीवर अवलंबून होतं. खरं सांगितलं असतं तर ते सारं गेलं असतं.

इथे आम्ही वात्स्यायनांच्या लक्षणाला आमच्याकडून एक पुरवणी जोडतो. सांगण्याची इच्छा आहे की नाही, हे आतलं आहे, बाहेरून दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की सांगितल्याने या माणसाचं काय जाणार होतं, आणि तरीही त्याने सांगितलं का.

आता आंद्रे जीद. फ्रेंच लेखक, कम्युनिझमचा जाहीर पाठीराखा. 1936च्या जूनमध्ये सोव्हिएत सरकारचा सन्माननीय पाहुणा म्हणून मॉस्कोला पोचला. त्याच सुमारास गोर्की वारले, आणि लाल चौकात अंत्ययात्रेच्या वेळी भाषण करण्याचा मान जीदला मिळाला. यापेक्षा मोठा सत्कार कोणता? परत येऊन त्याने छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात उद्यानांचं, तरुणांच्या उत्साहाचं कौतुक आहे. पण दुकानांपुढच्या रांगा आहेत, सगळ्यांची मतं एकाच साच्यातून निघाल्यासारखी आहेत, आणि स्तालिनची पूजा आहे. वाटेत गोरीला, स्तालिनच्या जन्मगावी, त्याला स्तालिनला तार करावीशी वाटली. त्याने साधं 'तुम्ही' असं लिहिलं. तार घेणाऱ्यांनी सांगितलं, असं चालणार नाही, पुढे काहीतरी बिरुद लावा. प्रसंग एवढासा आहे. पण दहा हजार कारखान्यांच्या आकडेवारीतून जे कळणार नाही ते त्यातून कळतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या बाबतीत घडलं होतं. पुस्तक आलं आणि कालपर्यंतचे मित्र तुटले. सोव्हिएत वर्तमानपत्रांनी झोड उठवली. 1937मध्ये आक्षेपांना उत्तर म्हणून त्याने दुसरं पुस्तक लिहिलं आणि त्यात आधीपेक्षा जास्त माहिती, जास्त आकडे दिले. आपण कुठे फसलो हेही सांगितलं.

जीदला उत्तर द्यावं तसं लिऑन फॉइश्तवांगरचं 'मॉस्को 1937' आलं. हा जर्मन ज्यू कादंबरीकार, हिटलरने देशोधडीला लावलेला. तो मॉस्कोला गेला, स्तालिनला भेटला, जानेवारी 1937च्या खटल्याला प्रत्यक्ष कोर्टात बसला. आरोपी एकामागून एक उठून आपले गुन्हे कबूल करताहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. आणि त्याचा त्यावर विश्वास बसला. आता हे प्रत्यक्षच आहे, नाही का? कबुली त्याने खरोखरच पाहिली. चुकलं ते अनुमान. कबुली आहे म्हणून गुन्हा आहे, असं त्याने धरलं. कबुली छळानेही मिळते, ही शक्यता त्याने बाजूला सारली. का सारली? कारण हिटलरपुढे उभी राहील अशी दुसरी ताकद त्याला दिसत नव्हती. मॉस्को खोटं निघालं तर उभं कुठे राहायचं? आम्ही फॉइश्तवांगरला लबाड म्हणत नाही. बुडणारा माणूस हातात आलेल्या दोरीला गाठी किती, हे मोजत नाही. पण त्याची साक्ष मात्र आपल्याला नाकारावी लागते.

वॉल्टर बेन्यामिनची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर 1926मध्ये तो मॉस्कोला आला आणि जवळजवळ दोन महिने राहिला. आला होता आस्या लात्सिससाठी, तिच्यावर त्याचं प्रेम होतं. ती आजारी, आरोग्यधामात. रशियन भाषा याला येत नाही. म्हणजे पहिल्याच अटीत नापास व्हावा असा पाहुणा. पण त्याची रोजनिशी वाचा. 1980 साली, त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, ती छापली गेली. बर्फावरून चालायला त्याला नव्याने शिकावं लागतं. गच्च ट्रामगाड्या, रस्त्यावरचे विक्रेते, लाकडी खेळणी, खोल्यांमध्ये कोंबलेली कुटुंबं, आणि 'सिचास' म्हणजे 'आत्ता लगेच' असं सांगून तासन् तास न होणारी कामं. जे दिसतं, ऐकू येतं तेवढंच तो नोंदवतो. नाटक बघताना आपल्याला संवाद कळले नाहीत, शेजारचा भाषांतर करून सांगत होता, हेही लिहितो. पुढे मॉस्कोवर लेख लिहायची वेळ आली तेव्हा सिद्धान्त सांगण्याचा मोह त्याने जाणूनबुजून आवरला. म्हणून भाषा न येणारा बेन्यामिन आम्हाला भाषा येणाऱ्या कित्येकांपेक्षा जास्त आप्त वाटतो. आपल्या जाणण्याची हद्द कुठे संपते ते त्याने दाखवून ठेवलं आहे.

हे सगळे पाहुणे झाले. राहणाऱ्याचं काय? रॉबर्ट रॉबिन्सन हा जमैकात जन्मलेला कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात कामाला होता. 1930 साली स्तालिनग्रादच्या ट्रॅक्टर कारखान्यात कामासाठी गेला. तिथे त्याला मारहाण झाली. कुणी केली? त्याच्याबरोबर आलेल्या गोऱ्या अमेरिकनांनी. सोव्हिएत कोर्टाने त्यांच्यावर खटला भरला, त्यांना दोषी ठरवलं. विचार करा, त्या काळातल्या अमेरिकेत हे घडलं असतं का? पुढे तो मॉस्कोच्या बॉल-बेअरिंग कारखान्यात आला. 1934मध्ये मॉस्को सोव्हिएतवर त्याची निवड झाली. आणि मग सदतीस-अडतीस सालं आली. ओळखीची माणसं नाहीशी होऊ लागली. सोव्हिएत नागरिकत्व घेतलेलं होतं, त्यामुळे परतीचा दरवाजा बंद. बाहेर जायची परवानगी तो वर्षानुवर्षं मागत राहिला. 1974 साली युगांडाला जाण्याच्या निमित्ताने कसाबसा सुटला, आणि त्याचं पुस्तक आलं 1988मध्ये. चव्वेचाळीस वर्षं त्याने जाणलं, पण सांगता आलं ते बाहेर पडल्यावर. मधल्या काळात कुणी परदेशी पाहुणा त्याला भेटला असता आणि "इथे कसं आहे?" असं विचारलं असतं, तर रॉबिन्सन काय म्हणाला असता? "छान आहे," असंच म्हणाला असता.

इथे एक गोष्ट मनात ठेवू. पाहुण्याची साक्ष ही त्याच्या एकट्याची कधीच नसते. ती स्थानिक माणसाच्या तोंडून आलेली असते. परदेशी माणसाशी बोलल्यावर पाहुणा विमानात बसतो, बोलणारा तिथेच राहतो. त्या वर्षांत परदेशी माणसाशी ओळख असणं हेरगिरीच्या आरोपाला पुरेसं होतं. म्हणून त्या काळच्या पुस्तकांत ज्याची साक्ष नावगावासकट, हसऱ्या फोटोसकट आली आहे तिच्यापेक्षा, "एक बाई म्हणाल्या" एवढंच लिहिलेली साक्ष कधीकधी जास्त मोलाची असते. लेखकाने कुणाला तरी जपलेलं असतं.

आता आपल्या घरची गोष्ट. अण्णाभाऊ साठे 1961 साली सोव्हिएत रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. युद्धाच्या काळात स्तालिनग्रादचा पोवाडा त्यांनी मुंबईतून रचला होता. ज्या भूमीचं गाणं आधी गायलं ती नंतर डोळ्यांनी पाहिली. हल्ली काही मंडळी या पुस्तकाला भाबडं म्हणतात. आम्हीही एकेकाळी म्हटलं आहे. पण रॉबिन्सन वाचल्यावर आमचं मत बदललं. वाटेगावच्या गावकुसाबाहेर जन्मलेला, घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेला, गिरणीत राबलेला माणूस पाहुणा म्हणून मानाने वागवला जातो, तेव्हा त्याला जे कळतं ते शॉच्या मेजवानीतलं कळणं नसतं. अण्णाभाऊ एका गोष्टीचे पक्के आप्त आहेत : माणसाला माणूस म्हणून वागवल्यावर काय वाटतं. त्या वागणुकीत आपल्या गावाला काय जमलं नाही, याचीही ती साक्ष आहे. रशियन मजूर आपल्या घरात, दार लावून काय बोलत होता, याची साक्ष त्या पुस्तकाकडे मागू नये. तो त्याचा विषय नाही. 2022 साली मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. आता उलट दिशेने, तिथल्या वाचकाला त्यांच्याकडून वाटेगाव कळावं, एवढीच आमची इच्छा.

इतरांना तपासलं, आता आमची पाळी.

आमच्या तरुणपणी मॉस्कोहून मराठीत छापलेली पुस्तकं स्वस्तात मिळायची. रंगीत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरं घालायचो. कॉलेजात कुणीतरी जीदचं पुस्तक हातात दिलं, तेव्हा आम्ही ते न वाचताच परत केलं. कारण काय? ते देणारा भांडवलदारांच्या बाजूचा होता. सांगणाऱ्याची बाजू पाहिली, साक्ष पाहिलीच नाही. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो आम्ही!

मग 1993च्या ऑगस्टमध्ये जागतिक तत्त्वज्ञान परिषद मॉस्कोत भरली. तोवर सोव्हिएत संघ उरला नव्हता. आम्ही गेलो. आठवडाभर राहिलो. मेट्रोच्या दारांबाहेर ओळीने बायका उभ्या असायच्या. कुणाच्या हातात बुटांचा जोड, कुणाकडे कपबशा, कुणाकडे नवऱ्याची पदकं. महिन्यापूर्वीच सरकारने जुन्या नोटा बाद केल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईंकडून आम्ही चहाच्या ग्लासासाठी असतं ना, ते मुठीचं धातूचं घर विकत घेतलं. आम्ही रशियनमध्ये "धन्यवाद" म्हणालो, तेवढा एकच शब्द येत होता. त्या बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. आम्ही मान डोलवत राहिलो.

परत आल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या गावच्या व्याख्यानमालेत 'मी पाहिलेला रशिया' या विषयावर आम्ही दीड तास बोललो. सभागृह भरलेलं. आम्ही ठामपणे सांगितलं, की लोक दमलेत, राजकारणाचा त्यांना वीट आला आहे, आता तिथे काही उलथापालथ व्हायची नाही. टाळ्या पडल्या. 21 सप्टेंबरला येल्त्सिननी संसद बरखास्त केली. 4 ऑक्टोबरला रणगाड्यांनी त्याच मॉस्कोत संसदेच्या इमारतीवर तोफा डागल्या. शंभराहून अधिक माणसं मेली. दूरदर्शनवर ती काळवंडलेली पांढरी इमारत बघताना सौ. म्हणाल्या, "तुम्ही तर काही होणार नाही म्हणाला होतात." आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमचं अनुमान आलं कुठून? आमच्या दुभाषी मुलीच्या तोंडून. ती आमच्या इंग्रजीला झेपेल एवढंच बोलायची. आम्ही नाराज होणार नाही, हेही बघायची, कारण तिचे पैसे आमच्याकडून यायचे होते. ज्या बाई खरंच काही सांगत होत्या त्यांचं आम्हाला कळलं नाही, आणि व्याख्यानात तर आम्ही त्यांचा उल्लेखही केला नाही. ते ग्लासाचं घर अजून कपाटात आहे. पाहिलं की आठवतं : आम्ही मॉस्कोत होतो, पण आम्ही आप्त नव्हतो.

आता सोलापूरच्या गृहस्थांकडे वळू. मेट्रो झगमगते आहे, हे प्रत्यक्ष आहे. ती 1935 साली तेरा स्थानकांनिशी सुरू झाली तेव्हाही झगमगत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी महाभयंकर अटकसत्र झालं, तेव्हाही तिचे दिवे लागलेलेच होते. मेट्रो चांगली आहे म्हणून लोक सुखी आहेत, हा न्यायशास्त्राच्या भाषेत सव्यभिचार हेत्वाभास झाला. मेट्रो चांगली आणि लोक सुखी, मेट्रो चांगली आणि लोक दुःखी, दोन्ही होऊ शकतं. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही; लोखंडाचा लाल गोळा बिनधुराचा तापतो. पण दुसऱ्या व्हिडिओवाल्याचंही तेच. 'सगळा देखावा' म्हणणं म्हणजे जाणणं नव्हे. पोतेम्किनने राणी कॅथरीनला दाखवायला खोटी गावं उभारली, ही कथा आपण सगळे सांगतो. ती पसरवण्यात एका परदेशी मुत्सद्द्याचा हात होता आणि इतिहासकार ती बरीचशी अतिरंजित मानतात. संशयी माणूसही भोळा असतो, फक्त त्याचा भोळेपणा दुसऱ्या बाजूचा असतो.

आणि आज रस्त्यावर रशियन माणसाला गाठून "युद्धाबद्दल काय वाटतं?" असं विचारणारे व्हिडिओ आहेत. मार्च 2022पासून तिथे सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा त्याने खांदे उडवले, तर त्याचा अर्थ होकार असा लावू नका, नकार असाही लावू नका. त्याला काय गमवावं लागेल ते आठवा, आणि गप्प बसा.

मग करायचं काय? आम्ही त्या गृहस्थांना असं कळवलं आहे. 'रशिया कसा आहे' हा प्रश्न सोडून द्या, त्याला उत्तर देणारा कुणी आप्त नाही. ज्या शहरात मुलगी जाणार तिथल्या, तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीशी मराठीतून बोला. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाला मध्ये घेऊ नका, आणि ती खोलीत एकटी असताना फोन करा. आजारी पडलीस तेव्हा कुठे गेलीस, ते विचारा. शिकवणं इंग्रजीतून आहे म्हणतात, पण रुग्ण रशियनच बोलतो, मग त्याला काय होतंय हे तुला कळतं का, ते विचारा. जी मुलगी मध्येच परत आली तिच्याशीही बोला. आणि आपल्या मुलीला जायच्या आधी सहा महिने रशियन शिकवा. मेट्रोबाहेर कुणी म्हातारी तिच्याशी बोलायला लागली, तर तिला कळलं पाहिजे.

पुढच्या वेळी उपमान घेऊ. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे पाठवा.